फॅलँक्स कशी उभी करावी: ३२ जणांच्या स्पार्टन तुकडीपासून

फॅलँक्स म्हणजे ढाल-भाले घेऊन खेटून, रांगांमागे रांगा उभ्या राहिलेल्या ग्रीक पायदळाची फळी. आधी ढाल समजून घ्या, कारण रांगेतली जागा तीच ठरवते. ग्रीक पायदळाची ढाल गोल, सुमारे ९० सेंमी व्यासाची, साधारण ७ किलोची. डावा हात मधल्या पट्ट्यातून कोपरापर्यंत घालायचा आणि काठाजवळची मूठ पकडायची. असं केलं की ढालीचा बराच भाग डावीकडच्या गड्यापुढे जातो आणि आपली उजवी बाजू उघडी पडते. ती झाकायला उजवीकडच्याची ढाल.

१. माणसं लावा. इ. स. पू. ४१८ मध्ये ग्रीसमधल्या मँटिनियाच्या लढाईत स्पार्टन तुकडीत पुढे ४ जण आणि सर्वसाधारणपणे खोली (एकामागे एक रांगा) ८, म्हणजे ३२. माणशी ९० सेंमी धरले तर रुंदी साडेतीन मीटरच्या थोडी वर. खोली दुप्पट केली की रुंदी निम्मी होते, हे विसरू नका.

२. खमके गडी पहिल्या आणि शेवटच्या रांगेत. कच्चे मधे: पुढचे त्यांना ओढतात, मागचे पळू देत नाहीत.

३. चालत्या स्तंभातून फळी करताना पहिली तुकडी थांबते. मागून येणारी प्रत्येक तुकडी आधीच्या तुकडीच्या डावीकडे, म्हणजे ढालीच्या अंगाला, येऊन उभी राहते.

४. भाला दोन-अडीच मीटरचा, त्यामुळे पहिल्या दोन रांगांचीच टोकं शत्रूपर्यंत पोचतात. बाकीच्यांनी भाले उभे धरावेत. दांड्याच्या बुडालाही टोक असतं. मागच्याने तेवढं भान ठेवायचं.

५. बासरीच्या तालावर, सावकाश पुढे सरका. धावलात की रांग फाटते.

एवढं करूनही फळी उजवीकडे सरकतेच. अगदी उजव्या टोकाचा गडी आपली उघडी बाजू शत्रूपासून लांब न्यायला बघतो आणि बाकीचे त्याच्यामागून ढालीच्या आडोशाला सरकतात. म्हणून त्या टोकाला सगळ्यात शांत डोक्याचा माणूस हवा. दुरुस्तीही चाल सुरू होण्याआधीच करावी. मँटिनियाला डावी बाजू घेरली जाईल या भीतीने स्पार्टाच्या राजा एजिसने ऐन वेळी तिथल्या तुकड्यांना आणखी डावीकडे सरकायला सांगितलं. मधली फट भरायला उजवीकडच्या दोन सरदारांना हुकूम सोडला. ते हललेच नाहीत, आणि शत्रू त्या फटीतून आत घुसला. मध्यभागाच्या जोरावर स्पार्टाने लढाई जिंकली खरी, पण त्या दोघांना भित्रेपणाच्या ठपक्यावरून हद्दपार व्हावं लागलं.