सफेद मुसळीचं पृथक्करण: या चुका टाळा

सह्याद्री-सातपुड्यातल्या सफेद मुसळीच्या (औषधी मुळांची वनस्पती) रासायनिक पृथक्करणावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल दरवर्षी माझ्याकडे तपासायला येतात आणि चुकाही दरवर्षी त्याच असतात. सगळ्यात मोठी चूक मातीची.

एका विद्यार्थिनीच्या तक्त्यात मुळांतलं लोह इतकं होतं की पालक-मेथी मागे पडावी. त्यावर निबंध लिहायची घाई सुरू झाली होती. खनिजं मोजायला मुळं जाळून राख करतात; त्यातली उरलेली राख मी मागवली. ती विटकरी दिसत होती. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून गाळली, तर गाळणकागदावर बारीक वाळू उरली. मुळं लोहाने भरलेल्या जांभ्या जमिनीतली होती आणि साल न काढताच वाळवली होती. मोजलं गेलं ते बरंचसं मातीतलं लोह. नीट सोलून पुन्हा केलं तेव्हा आकडा कोसळला.

मी मुळं खणल्या दिवशीच धुऊन सोलतो. ओली साल सहज सुटते, वाळली की चिकटून बसते. शेवटचं पाणी ऊर्ध्वपातित घेतो आणि कुटायला चिनी मातीचा खल वापरतो, लोखंडी खलबत्ता नाही. आम्लात न विरघळणाऱ्या राखेचा आकडा नसेल, तर खनिजांचा तक्ता मी मान्य करत नाही.

दुसरा घोळ ओल्या-सुक्या वजनाचा. १०० ग्रॅम सुक्या भुकटीत ८ ग्रॅम प्रथिनं असली, तर ८० टक्के पाणी असलेल्या १०० ग्रॅम ताज्या मुळात ती १.६ ग्रॅमच. तरी लोक दोन्ही आकडे शेजारी मांडून तुलना करतात! वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. 'दोन तास ओव्हनला ठेवलं' हे उत्तर नव्हे.

नायट्रोजनला ६.२५ ने गुणलं की येतात ती 'कच्ची प्रथिनं', म्हणजे अंदाज; सगळा नायट्रोजन प्रथिनांतला नसतो. तसंच लिहा.

कर्बोदकं वजाबाकीने (१०० मधून बाकीचे घटक वजा करून) काढून सरसकट चाराने (ग्रॅमला चार किलोकॅलरी) गुणू नका. मुसळीत फ्रुक्टन (फ्रुक्टोज साखरेच्या साखळ्या) असतात, ते लहान आतड्यात पचत नाहीत, त्यामुळे उष्मांक फुगतात.

पाण्यात हलवल्यावर फेस आला म्हणजे सॅपोनिन (साबणासारखा फेस देणारं द्रव्य) आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. फेसाची उंची मोजून टक्केवारी लिहिणारे अहवाल मी परत पाठवतो.

आणि बाजारातून 'मुसळी' आणून काम सुरू करू नका. त्या नावाखाली क्लोरोफायटमच्या (सफेद मुसळी ज्या प्रजातीतली, तिच्या) इतर जाती आणि शतावरीच्या प्रजातीतल्या (ॲस्परॅगस) झाडांची सोललेली मुळंही विकली जातात. पानाफुलांसह झाड दाबून नमुना जपा, वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून ओळख पटवून घ्या, मगच भट्टी तापवा.