गुंतागुंतीच्या सिस्टिमला हात घालण्याआधी एवढं करा

आधी एक गल्लत टाळा, अवघड वेगळं आणि गुंतागुंतीचं वेगळं. इंजिन अवघड असतं पण खोलून नीट जोडलं की पुन्हा तसंच चालतं, ट्रॅफिक किंवा बाजार तसा नाही, तिथे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून वागणं बदलतो. जपानमध्ये 22 गाड्या 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर एकाच स्पीडने चालवायला सांगितल्या होत्या, ना सिग्नल ना खड्डा, तरी थोड्या वेळात जॅम! आता यात चूक कुठल्या ड्रायव्हरची ते सांगा बघू. म्हणून 'कोणामुळे झालं' हे जरा बाजूला ठेवा आणि कागद घ्या.

कागदावर बाण काढा, कशामुळे काय वाढतं, काय घटतं. बाण फिरून परत पहिल्या जागी येतो का बघा, आणि परिणाम दिसायला उशीर लागतो तिथे ठळक खूण करा, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो, फरक दिसेना म्हणून माणूस आणखी जोर लावतो आणि मग सगळं एकदमच अंगावर येतं.

चीनमध्ये 1958 ला चिमण्या मारायची मोहीम निघाली. चिमण्या धान्य खातात हा बाण सगळ्यांना दिसला, त्या किडेही खातात हा राहून गेला. किडे वाढले, 1960 मध्ये चिमणीला मारायच्या जीवांच्या यादीतून काढून तिच्या जागी ढेकूण घातला. त्याच काळातल्या भीषण दुष्काळाला एवढंच कारण नव्हतं, पण त्यात एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. वरून टार्गेट यायचं म्हणून खालचे अधिकारी पीक फुगवून कळवायचे, वरचे त्या आकड्यांवर धान्य उचलायचे. म्हणजे सत्ता जितकी एका जागी, तितकी वाईट बातमी वर जाताना गाळली जाते (हे ऑफिसातही होतंच की). त्यामुळे रिपोर्ट वाचून थांबू नका, प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचारा, आणि खरं सांगितल्यावर त्याचं काय होतं तेही बघा.

अंदाजाचं म्हणाल तर 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झने हवामानाच्या मॉडेलमध्ये 0.506127 ऐवजी 0.506 टाकलं आणि काही वेळाने निकाल पूर्ण वेगळाच आला. तेव्हा एकच आकडा देणाऱ्यावर विश्वास नको, दोन-तीन शक्यता धरून चाला.

बदल करायचाच तर आधी छोट्या कोपऱ्यात करा. 19 जुलै 2024 ला एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा खराब अपडेट सरसकट सोडला गेला आणि सुमारे 85 लाख विंडोज कम्प्युटर बसले. तोच टप्प्याटप्प्याने सोडला असता तर थोडक्यात निभावलं असतं.

पण सगळंच मोकळं सोडा म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेत ओहायोमध्ये विजेच्या लाइन झाडांना टेकल्या, कंट्रोल रूमचं अलार्म सॉफ्टवेअर आधीच बंद पडलेलं, अख्खं चित्र वेळेत कोणालाच दिसलं नाही आणि अमेरिका-कॅनडात मिळून सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले. तर अख्खं चित्र बघणं एका जागी ठेवा, निर्णय शक्य तितके खाली द्या. आणि बदल सुरू करायच्या आधीच तारीख टाकून लिहून ठेवा की काय दिसलं तर हा प्रयोग बंद करायचा, नंतर ठरवू म्हटलं की कोणी बंद करत नाही.