डेव्हिल्स लेकला तंबू ठोकायचाय? मग आधी हे वाचा

उन्हाळा जवळ आला की शिकागोकडच्या आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, कॅम्पिंगला कुठं जायचं, आणि निम्मे लोक एकच नाव घेतात, विस्कॉन्सिनमधलं डेव्हिल्स लेक स्टेट पार्क. बाराबू गावाजवळ आहे, शिकागोहून तीनेक तास, मॅडिसनहून तर तासाभराच्या आत. जागा खरंच भारी आहे, 360 एकरांचं तळं आणि दोन्ही अंगांना क्वार्टझाइट या कठीण खडकाचे जांभळट-गुलाबी कडे, चांगले 500 फुटांचे. पण राज्यातलं सगळ्यात गर्दीचं स्टेट पार्कही हेच, त्यामुळे "बघू, गुरुवारी ठरवू" हा प्रकार इथं चालत नाही.

बुकिंग 11 महिने आधी उघडतं. हो, अकरा. जुलै-ऑगस्टचे शनिवार आणि ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हाचे वीकेंड आधी जातात. उशीर झाला असेल तर रविवार ते गुरुवार बघा किंवा कोणी कॅन्सल केलंय का ते रोज चेक करत रहा, लोक शेवटच्या आठवड्यात माघार घेतातच. साइटचे पैसे भरले म्हणजे झालं असं नाही, पार्कात गाडी आणायचं स्टिकर वेगळं घ्यावं लागतं आणि बाहेरच्या राज्याची, म्हणजे आपली इलिनॉयची, नंबरप्लेट असेल तर ते जास्त महाग पडतं.

क्वार्टझाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज असे तीन कॅम्पग्राउंड आहेत. तंबूची चेन उघडली की समोर पाणी, असलं काही डोक्यात ठेवू नका, काठापर्यंत जावं लागतं. नकाशात साइट निवडताना टॉयलेटच्या जवळची घ्या पण अगदी शेजारची नको, रात्रभर दिवा डोळ्यांवर आणि दर दहा मिनिटांनी दार आपटणार. अजून एक, तळ्याच्या पूर्व काठाने रेल्वेलाइन जाते, त्यामुळे मालगाडीचा आवाज आला तर दचकू नका.

आता तंबू. बहुतेकांची झोप इथंच बिघडते. सपाट आणि जराशी उंच जागा बघा, खोलगट जागी पाऊस पडला की पाणी साचतं. वर मान करून वाळलेली फांदी लटकत नाहीये ना तेही बघा. खाली ताडपत्री घालता ना, तिची कड तंबूच्या बाहेर एक इंचसुद्धा दिसता कामा नये, आत दुमडून टाका, नाहीतर वरून ओघळलेलं पाणी त्या कडेवर पडतं आणि ताडपत्री आणि तंबूच्या मधून सरळ तुमच्या पाठीखाली येतं. खुंट्या तिरक्या ठोका, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं. आणि पाऊस नसला तरी वरचं कव्हर लावा आणि त्याच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, कारण पाण्याजवळ दव भरपूर पडतं आणि बंद तंबूत श्वासाचीच वाफ छताला जमून पहाटे टपकायला लागते.

थंडी वरून नाही, खालून लागते. फुगवायची साधी गादी मऊ असते खरी पण आतली हवा गार पडते, त्यापेक्षा फोमची पातळ मॅट गादीवर टाका, फरक लगेच कळतो. स्लीपिंग बॅगवर 40 डिग्री फॅरनहाइट लिहिलंय म्हणजे 40 ला छान झोप लागेल असं समजू नका, 10-15 डिग्रीचं मार्जिन धरूनच चला. मे आणि सप्टेंबरात दिवसा टीशर्टवर फिराल पण रात्री गारठा पडतो, आणि दिवसभर घातलेले सुती कपडे घामाने दमट झालेले असतात, झोपताना ते बदलाच.

लाकडं घरून आणू नका. हे कोणी फारसं मनावर घेत नाही पण नियम पक्का आहे, पार्कपासून 10 मैलांच्या आतली किंवा कीड नसल्याचं सर्टिफिकेट असलेली लाकडंच चालतात. कारण म्हणजे एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा किडा, 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि जळणाच्या लाकडांमधून राज्याराज्यांत पोचला, अ‍ॅश नावाची झाडं मोठ्या प्रमाणात मारली त्याने. झोपायच्या आधी शेकोटीवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, मग उलटा हात जवळ नेऊन बघा, ऊब लागली तर अजून विझली नाही.

इथं खरे चोर म्हणजे रकून नावाचे प्राणी. कूलरचं झाकण त्यांना आरामात उघडता येतं. रात्री खाण्याचं सगळं, अगदी चिवड्याचं अर्धं पाकीट आणि टूथपेस्टसुद्धा, गाडीत आणि काचा बंद. तंबूत तर काहीच नको.

पाण्याचं बोलायचं तर उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक असे दोन बीच आहेत, दोन्हीकडे लाइफगार्ड नाही, म्हणजे पोरांवर लक्ष ठेवायला मोठं कोणीतरी नेमूनच ठेवा, "सगळे बघतायत" म्हणजे कोणीच बघत नाही. पेट्रोलच्या बोटींना बंदी आहे, फक्त इलेक्ट्रिक मोटर चालते, म्हणून कयाक आणि पॅडलबोर्डला हे तळं मस्त, पण माणशी एक लाइफ जॅकेट बोर्डवर हवंच. उथळ पाण्यात खेळून आल्यावर अंगावर खाजरे लाल ठिपके उठले तर घाबरू नका, त्याला स्विमर्स इच म्हणतात, गोगलगायी आणि बदकांकडून येणारा परजीवी असतो, माणसात तो टिकत नाही. पाण्यातून बाहेर आलात की उन्हात वाळत बसू नका, टॉवेलने खसाखसा पुसा आणि जमल्यास शॉवर घ्या.

ट्रेक करायचा तर सकाळी लवकर निघा, वीकेंडला दुपारच्या आतच पार्किंग भरतं. बॅलन्स्ड रॉकची वाट म्हणजे दगडी पायऱ्यांची सरळ चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लहान पोरं कडेवर असणाऱ्यांनी ग्रॉटोज ट्रेल घ्यावी, कड्याच्या पायथ्याने सपाट जाते. पाऊस पडून गेलेला असेल तर कड्यावर जाऊच नका, ओला क्वार्टझाइट प्रचंड निसरडा होतो आणि वर कठडे नाहीत. मोबाइलला रेंज भरवशाची नाही, नकाशा आधीच डाउनलोड करा. परत आल्यावर गोचीड बघा, गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल-बिल, काडेपेटी-बिल काही लावू नका.

निघताना तंबू ओला असेल तर तसाच गुंडाळा, इलाज नाही, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी गॅरेजमध्ये पसरा, दोन दिवस पिशवीत राहिला तर बुरशीचा वास काही केल्या जात नाही. आणि कयाक नेला असेल तर काठावरच चिखल-शेवाळ काढा, आतलं पाणी ओता, मगच गाडीवर चढवा, विस्कॉन्सिनमध्ये पाणवनस्पती अडकलेली बोट रस्त्यावर नेणं बेकायदा आहे.