ऑइल बर्नरचं नॉझल बदलताय? या चुका टाळा

थंडी पडली की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. तळहातावर तेलाने माखलेलं नॉझल (बर्नरमध्ये तेलाचा फवारा मारणारं बारीक टोक) आणि खाली एक ओळ: "हेच मागवू ना?" बॉयलरची नेमप्लेट त्या फोटोत कधीच नसते. बर्नरचं मॉडेलही नसतं. पंपाचं प्रेशर तर कोणाच्या गावीही नसतं.

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलं की बऱ्याचदा त्याच्याबरोबर बेसमेंटमधली 275 गॅलनची तेलाची टाकी आणि घर तापवणारा, ऑइलवर चालणारा बॉयलर पदरात पडतो. आपली मंडळी घर बघताना स्कूल डिस्ट्रिक्ट बघतात, किचन बघतात, दरवाजा पूर्वेला आहे का बघतात. बेसमेंटमध्ये कोणी उतरत नाही. मग पहिल्या जानेवारीत घर गार पडतं आणि यूट्यूबवरच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओवर विसंबून पाने हातात घेतले जातात. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑइल बर्नरचं काम करणाऱ्या माणसाला परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ते उगाच नाही. तरीही टेक्निशियन काय करतोय हे घरमालकाला कळलं पाहिजे, कारण पुढच्या चुकांपैकी निम्म्या मी पगारी माणसांनी केलेल्या बघितल्या आहेत.

जुन्या नॉझलवरचा आकडा डोळे मिटून उतरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नॉझलच्या षटकोनी अंगावर तीन गोष्टी कोरलेल्या असतात. समजा 0.85, 80 अंश आणि बी. पहिला आकडा म्हणजे ताशी किती गॅलन तेल जाणार. दुसरा फवाऱ्याचा कोन. तिसरं अक्षर फवाऱ्याचा प्रकार सांगतं: पोकळ, म्हणजे थेंब कडेकडेने आणि मधे रिकामं, किंवा भरीव, म्हणजे मधेही थेंब.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. त्या 0.85 पुढे एक अट असते, ती मात्र लोक विसरतात. हा आकडा 100 पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) प्रेशरचा आहे. पूर्वी घरगुती बर्नरचे पंप 100 वरच लावलेले असत. आता बरेच बर्नर 140 किंवा त्याहून जास्त प्रेशरवर चालतात, कारण प्रेशर वाढलं की थेंब बारीक होतात आणि जळण स्वच्छ होतं. तेलाचं प्रमाण प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. 140 भागिले 100 म्हणजे 1.4, त्याचं वर्गमूळ जवळजवळ 1.18. म्हणून तेच 0.85 चं नॉझल 140 वर ताशी एक गॅलन तेल सोडतं.

श्रूजबरीतल्या एका कुटुंबाची गोष्ट. उन्हाळ्यात तेल कंपनीच्या माणसाने त्यांचा जुना पंप बदलला, नवा 140 वर लावला आणि नॉझल काढून अगदी तसंच नवं बसवलं. 0.85 च्या जागी 0.85. बॉयलरच्या प्लेटवरही 0.85 लिहिलेलं, त्यामुळे सगळ्यांच्या मते काम चोख. हिवाळ्यात तेल भसाभस संपायला लागलं. घरच्या साहेबांनी आधी तेलवाल्यावर संशय घेतला, तो मापात मारतो म्हणून. मग तेलवाला बदलला. नवीन तेलवाल्याकडेही तेच. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, हा बॉयलर सारखा चालू-बंद, चालू-बंद होतो, मागच्या वर्षी असा नव्हता." खरं निदान त्यांनीच केलं होतं, पण ते ऐकायला कोणाला फुरसत नव्हती.

मी गेलो, पंपाला गेज लावला, काटा 140 वर. पुढचं सगळं उघड होतं. ताशी दीड दशांश गॅलन तेल जास्त, म्हणजे एकवीस हजार बीटीयूच्या (हे उष्णता मोजायचं एकक) आसपास जादा उष्णता. तेवढी घेण्याची बॉयलरची ताकदच नाही, म्हणून ती चिमणीतून बाहेर. पाणी झटकन तापायचं, बर्नर बंद व्हायचा, पुन्हा लागायचा. प्रत्येक वेळी सुरू होताना थोडी काजळी, आणि ती बॉयलरच्या आतल्या फटींत बसत गेलेली. ब्रशने झाडली तेव्हा निम्मी बादली भरली. 0.70 चं नॉझल घातलं. 0.70 गुणिले 1.18 म्हणजे 0.83, प्लेटवरच्या आकड्याच्या आत. मग धुराची टेस्ट घेतली. साहेबांनी जुन्या तेलवाल्याला पुन्हा फोन केला की नाही, ते मी विचारलं नाही.

म्हणून माझी सवय अशी: आधी बॉयलरची प्लेट वाचायची, मग बर्नरवरचं स्टिकर, मग गेज लावून पंपाचं प्रेशर मोजायचं, आणि शेवटी जुनं नॉझल काढून बघायचं. जुन्या नॉझलने मला एवढंच कळतं की आधीच्या माणसाने काय केलं. ते बरोबर होतं की नाही, ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

अक्षरं सगळ्या कंपन्यांची सारखीच असतात असं धरून चालणं

नसतात. डेलावनच्या नॉझलवर 'बी' म्हणजे भरीव फवारा आणि 'ए' म्हणजे पोकळ. डॅनफॉसच्या नॉझलवर 'एस' भरीव, 'एच' पोकळ, आणि 'बी' या दोघांच्या मधला. दुकानदार 'बीच्या जागी बी' म्हणून हातात ठेवतो आणि ज्योत बिघडते. बर्नर बनवणाऱ्याने कंपनी, कोन आणि प्रकार तिन्ही लिहून दिलेले असतील तर तेच घाला. "दुसरं पण चालतं हो" असं सांगणारा माणूस तुमच्या घरी फेब्रुवारीत येणार नसतो.

कोनाचंही तसंच. चेंबर म्हणजे बॉयलरमधली ज्योत जळते ती पोकळी. लांबट, अरुंद चेंबरला लहान कोन आणि आखूड, रुंद चेंबरला मोठा कोन हा ढोबळ नियम. कोन फार मोठा झाला की ज्योत चेंबरच्या भिंतीला चाटते, फार लहान झाला की मागच्या भिंतीवर आदळते. दोन्हीकडे कार्बनचा खडा जमतो. पण आजच्या बर्नरमध्ये ज्योतीचा आकार कोनाइतकाच पुढच्या हेडमधून (बर्नरच्या तोंडातून) येणाऱ्या हवेच्या भोवऱ्यावरही ठरतो, त्यामुळे नुसत्या ढोबळ नियमावर कोन बदलू नका.

पिन मारणं

ही खास आपली चूक. इथला जन्मलेला गोरा टेक्निशियन ही कधीच करणार नाही, कारण त्याने रॉकेलचा स्टोव्ह बघितलेला नाही.

वूस्टरजवळ एकांचे सासरे सांगलीहून सहा महिने राहायला आले होते. हिवाळा, दिवसभर घरात बसून कंटाळलेले, आणि हाताला कामाची सवय. बर्नर थोडा धूर करतोय असं जावयाच्या तोंडून ऐकलं. दुपारी घरात कोणी नसताना काका खाली उतरले, वीज बंद केली, तेलाचा व्हॉल्व्ह बंद केला (हे दोन्ही त्यांनी न सांगता केलं, त्याचं मला अजून कौतुक आहे), नॉझल काढलं, आणि सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली सुई त्याच्या भोकात घालून मस्तपैकी फिरवली. फुंकर मारली. परत बसवलं. बर्नर पेटला. काका खूश.

संध्याकाळपर्यंत चिमणीतून काळा धूर. मी पोचलो तेव्हा बघायच्या खिडकीतून ज्योत सरळ एकीकडे वाहिलेली दिसत होती, उजवी बाजू पिवळी आणि लांब, डावीकडे जवळजवळ काहीच नाही. नॉझल भिंगाखाली धरलं तर भोकाच्या कडेला केसाएवढी चकाकणारी रेघ. बास, तेवढ्याने सगळं.

"आम्ही चाळीत असताना वर्षानुवर्षं स्टोव्हला पिन मारली," काका म्हणाले. "त्याचं काय बिघडलं?"

काकांचं स्टोव्हच्या बाबतीत बरोबर होतं. पंपाच्या स्टोव्हमध्ये रॉकेल वर येता येता तापून त्याची वाफ होते आणि निपलमधून वाफ बाहेर पडते. तिथे भोक मोकळं असणं महत्त्वाचं, कड थोडी खडबडीत असली तरी बिघडत नाही. इथे गार, पातळ तेल द्रवरूपातच येतं. नॉझलच्या पोटात एक बारीकशी कळ असते, तिच्यावर तिरप्या खाचा. तेल त्या खाचांतून जोरात गरगर फिरत भोकाच्या कडेने पातळ पडद्यासारखं बाहेर पडतं आणि तो पडदा फाटून धुकं होतं. ते धुकं एकसारखं व्हायला भोकाची कड आरशासारखी गुळगुळीत लागते. रेघ पडली की त्या जागी पडद्याची धार बनते, मोठे थेंब, अर्धवट जळण, काजळी.

म्हणून नॉझल साफ करायचंच नाही. ना पिनने, ना तारेने, ना ब्रशने, ना कार्बोरेटर क्लीनरने. घाण झालं तर फेका, नवं घाला. तेलाच्या एका फेरीच्या बिलापुढे नॉझलची किंमत कुठेच नाही, आणि तरीही दहा-बारा डॉलर वाचवायला लोक अख्खी दुपार घालवतात. काकांना मी ती रेघ भिंगातून दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बारीक काम आहे." आता ते फोनवर जावयाला विचारतात, तेलाची गाळणी बदलली का.

"तेल वाचवायला" छोटं नॉझल

थोडं छोटं करून खरंच तेल वाचतं, बॉयलर घराच्या मानाने मोठा असेल तर. पण खाली जाण्याला मर्यादा आहे. बर्नरच्या हेडला किमान किती तेल लागतं ते ठरलेलं असतं, त्याखाली हवा आणि तेलाचं गणित जुळत नाही. दुसरं, धूर फार गार झाला की चिमणीत पाणी धरतं, आणि तेलातल्या गंधकामुळे ते पाणी आम्लाचं असतं. न्यूयॉर्कमध्ये 2012 पासून आणि न्यू जर्सीत 2016 पासून घरगुती तेलात गंधक 15 पीपीएमवर (दहा लाखांत 15 भाग) आणलंय, त्यामुळे आम्ल खूप कमी झालं. पण विटांची जुनी चिमणी पाण्यानेसुद्धा खराब होते. आणि घरात वाफेचे रेडिएटर असतील तर नॉझल कमी करायचं नावच काढू नका. तिथे सगळे रेडिएटर वाफेने भरतील एवढी आग लागतेच, नाहीतर वरच्या मजल्यावरची मुलं गारठतात.

टाकी घराबाहेर असेल तर

तेल गार झालं की घट्ट होतं. लोकांना वाटतं घट्ट तेल कमी जाईल. उलट होतं: घट्ट तेल पोटात नीट फिरत नाही, भोकातला पडदा जाड होतो, तेल जास्त जातं, फवारा अरुंद होतो आणि थेंब मोठे. सकाळी बर्नर उशिरा, धप्पकन पेटतो. यावर नुसतं नॉझल बदलत बसू नका. टाकीत केरोसीन मिसळणं, नॉझल लाइनला हीटर लावणं, किंवा छोटं नॉझल घालून प्रेशर वाढवणं, यातलं काहीतरी करावं लागतं.

लाल बटण पुन्हा पुन्हा दाबणं

नॉझलचा विषय नाही, पण नवीन नॉझल घातल्यावर बर्नर पेटला नाही की उतावळे लोक बर्नरवरचं रीसेटचं लाल बटण दाबत सुटतात. प्रत्येक दाबाला चेंबरमध्ये तेल पडतं. पाचव्या दाबाला ठिणगी लागते आणि साठलेलं सगळं एकदम पेटतं. त्याला इथे पफबॅक म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या पडद्यांपर्यंत काजळी जाते. एकदा दाबा. नाही पेटला तर फोन करा.

आणि बारीकसारीक

नॉझल डबीतून शेवटच्या क्षणी काढा, खिशात टाकून जिने उतरू नका. तोंडाला बोट लावू नका. नॉझलच्या मागची गाळणी काढून टाकू नका, "त्याने फ्लो वाढतो" हा शोध कोणाचा ते मला भेटायचंय. टेफ्लॉन टेप लावायची नाही, सांधा धातूवर धातू बसतो. नॉझल ज्यात बसतं तो अडॅप्टर एका पान्याने धरा, नॉझल दुसऱ्याने फिरवा, आणि अंगातला राग त्यावर काढू नका. घालण्याआधी लाइनमधलं जुनं तेल वाहून जाऊ द्या. इलेक्ट्रोड (ठिणगी पाडणाऱ्या दोन काड्या) परत मापा. बेकेटच्या एएफजी बर्नरवर दोन टोकांमधलं अंतर 5/32 इंच असतं, ते पट्टीने, डोळ्यांनी नाही.

ज्योत बघून "छान आहे" म्हणणं

ज्योतीचा रंग बघून हवा लावणारे लोक अजून आहेत आणि त्यांना त्याचा अभिमानही असतो. मी गेज आणि हवा ओढायचा हातपंप घेऊन जातो. धुराच्या पाइपला एक भोक, त्यात नळी, कागदाच्या पट्टीतून दहा वेळा हवा ओढायची. पट्टीवरचा डाग तक्त्याशी ताडायचा, शून्य ते नऊ. हवा कमी करत जायची, जेमतेम अंधुक डाग दिसेपर्यंत. त्या क्षणी कार्बन डायऑक्साइड किती टक्के ते बघायचं, आणि मग हवा थोडी उघडून तो आकडा दीड ते दोनने खाली आणायचा. डाग शून्य झाला पाहिजे. ती थोडी जास्तीची हवा म्हणजे वाऱ्याच्या दिवसासाठी आणि अर्ध्या तुंबलेल्या गाळणीसाठी ठेवलेली जागा. कार्बन मोनॉक्साइडही मोजायचा. नॉझल बदलून ही टेस्ट न घेता जो माणूस सही मागतो, त्याला सही देऊ नका. "वेळ नाही, अजून पाच घरं आहेत" म्हणाला तर त्याला म्हणा, या घराचे पैसेही मग त्या पाच घरांकडूनच घे.

टेस्ट झाली की बर्नरला एक कार्ड लटकवा. त्यावर तारीख, नॉझलची कंपनी आणि तिन्ही खुणा, गेजवर मोजलेलं प्रेशर, डागाचा आकडा, कार्बन डायऑक्साइड, धुराचं तापमान. पेन्सिलीने लिहा, बेसमेंटच्या दमटपणात बॉलपेनची शाई पसरते. आणि मला फोटो पाठवायचाच असेल तर नॉझलचा नको, त्या कार्डाचा पाठवा.