आरसी गाडीची बॉडी रंगवताय? या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता शेजारचा पोरगा त्याच्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीची बॉडी हातात घेऊन दारात उभा. "काका, पाहा ना, रंग असा भुरभुरा काहून येऊन राहिला?" आतून बोट फिरवलं तर हळदीच्या डब्यात बोट घातल्यासारखी पिवळी पूड लागली. बाहेरून पाहिलं तर टपावर खरखरीत ठिपके. विचारल्यावर कळलं ते असं: गच्चीवर, ४५ अंशांच्या उन्हात, कपड्यांवर उडू नये म्हणून हात लांब करकरून स्प्रे मारलेला. कॅनमधून ओला निघालेला रंग वाटेतच वाळला आणि बॉडीवर नुसती भुकटी बसली.

त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. यातल्या निम्म्याहून जास्त चुका मी स्वतः केल्या आहेत.

नंदी रंगवतो तशी बॉडी रंगवणं

रेसिंगच्या आरसी गाडीची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते. लेक्सन हे खरं तर त्याचं एक व्यापारी नाव, पण सगळे लेक्सनच म्हणतात. रंग आतून द्यायचा असतो. गाडी उलटली, घासली, तरी ओरखडे प्लास्टिकवर पडतात, रंग आत शाबूत राहतो. इतकं सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे कामाचा क्रम पुरता उलटा होतो, हे मात्र हातात कॅन आल्यावर विसरायला होतं.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आठवा. आधी अंगाला पांढरा हात, मग झूल, मग शिंगं, आणि डोळे सगळ्यात शेवटी. डोळा फिसकटला तर वरून पांढरा लावून पुन्हा काढता येतो. बॉडीत डोळे आधी आणि अंग शेवटी. हेडलाइट, पट्टे, नंबर, जाळी हे सगळं पहिलं, मुख्य रंग त्याच्या मागून. जो हात तुम्ही सगळ्यात आधी मारता, तोच जगाला दिसतो. त्यावर नंतर काहीही चढवलं तरी ते त्याच्या पाठीमागेच जातं. म्हणून इथे "नंतर पाहू" चालत नाही.

आणि अक्षरं उलटी लिहायची. माझ्या दुसऱ्याच बॉडीच्या बॉनेटवर मी इंग्रजीत एमएच ३१ लिहिलं, आपल्या नागपूर आरटीओचा नंबर म्हणून मोठ्या हौसेने. आतून लिहिताना काही खटकलं नाही, कारण इंग्रजी एम आणि एच आरशातही जसेच्या तसे दिसतात. बॉडीवर बाहेरून चिकटलेली संरक्षक फिल्म काढली तेव्हा बॉनेटवर होतं "१३ एचएम", त्यातला तीन आपल्याकडे पाठ करून बसलेला. अँब्युलन्सवर मुद्दाम उलटं लिहितात, माझं फुकटात झालं. तेव्हापासून नंबर आधी बटर पेपरवर काढतो, कागद न पलटता बॉडीच्या बाहेरून सुलटा चिकटवतो आणि आतून उलटा दिसतो तसा गिरवतो. गिरवायचं ते मास्किंगवर, म्हणजे रंग नको तिथे लावलेल्या आवरणावर, ब्लेडने. आतून परमनंट मार्करने रेघ मारू नका. स्प्रेच्या सॉल्व्हंटने, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या द्रवाने, मार्करची शाई विरघळते आणि पिवळ्या रंगात जांभळे ओघळ उतरतात. मार्कर चालवायचा असेल तर बाहेरच्या फिल्मवर चालवा, ती शेवटी निघणारच आहे.

दिसेल तो कॅन उचलणं

तामिया कंपनीचे स्प्रे दोन सारख्याच दिसणाऱ्या मालिकांत येतात, पीएस आणि टीएस. पीएस पॉलिकार्बोनेटसाठी, टीएस कडक प्लास्टिकच्या शोकेस मॉडेलसाठी. दोन्ही १०० मिलिलिटरचे, दोन्हींवर तसलाच पट्टा, आणि दुकानदारालाही नेहमी फरक माहीत असतो असं नाही. टीएस लेक्सनवर बसतो, दिसतोही झकास, पण कडक वाळतो. बॉडी लवचीक असल्यामुळे पहिल्या धडकेतच पापडासारखा सुटतो. पीएस प्लास्टिकला किंचित धरतो आणि वाळल्यावरही वाकतो.

हार्डवेअरच्या दुकानातला गाड्यांचा टचअप स्प्रे अर्ध्याहून कमी किमतीत मिळतो म्हणून मोह होतो. काही रंगांतल्या सॉल्व्हंटने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि बॉडी ठिसूळ होते. हाच धोका थिनर आणि अॅसिटोनचा. चुकलेला रंग पुसायला यांतलं काहीही बॉडीला लावू नका, काच धुरकट होईल आणि ती कशानेच परत येणार नाही. एअरब्रशवाल्यांनी पॉलिकार्बोनेटसाठीचे पाण्यावरचे रंग घ्यावेत. त्यांना वेळ जास्त लागतो, पण वासाचा ताप कमी.

एक व्यवहाराची गोष्ट. स्प्रे कॅन ज्वलनशील, म्हणून ते साधारणपणे विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतात. शनिवारी रेस आणि बुधवारी ऑर्डर, असं करू नका.

न धुता सुरुवात

साच्यातून बॉडी सुटावी म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश आणि आपल्या बोटांचं तेल, दोन्ही दिसत नाहीत. रंग मात्र नेमका तिथूनच सुटतो. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कापड. घासणी नको, तिचे ओरखडे खिडक्यांच्या काचेत कायमचे दिसतात. मग सुकवा आणि त्यानंतर आत बोट घालू नका. तेलकट सावजी रस्सा खाऊन आलात तर हात दोनदा धुवा, हे गमतीने लिहीत नाहीये.

बॉडी पोस्टची, म्हणजे गाडीवर बॉडी बसवायच्या उभ्या दांड्यांची, भोकं धुण्याआधीच पाडून घ्यावीत असं माझं मत. काच पारदर्शक असताना बॉडी गाडीवर ठेवली की पोस्ट नेमका कुठे येतो ते आरपार दिसतं. रंगवल्यावर अंदाजपंचे.

हवा न पाहता कॅन उचलणं

इथे आपल्या शहराचं वेगळं शास्त्र आहे. परदेशातले व्हिडिओ पाहून शिकलेली पोरं याच ठिकाणी आपटतात.

उन्हाळ्यात, त्यातही नवतप्याच्या, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी स्प्रे करूच नये. पहाटे साडेपाच ते सात ही वेळ. अंतर २० ते २५ सेंटिमीटर, त्याहून लांब गेलात की भुकटी. आणि कॅन? गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन मी एकदा हातात घेतला आणि चटका बसून सोडला. आतला दाब इतका वाढलेला असतो की बटण दाबताच रंग फवारण्याऐवजी ओततो, आणि कॅन फुटायचा धोका वेगळाच. कॅन घरात, सावलीत ठेवायचा.

मग माणूस म्हणतो, घरातच मारतो. खोलीत येतो, कूलर लावतो. हीच नागपुरी चूक! कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून. स्प्रेमधलं सॉल्व्हंट उडताना रंगाचा पृष्ठभाग आणखी थंड होतो, त्यावर ओल धरते आणि रंगात दुधाळ झाक येते. काळा रंग राखी दिसतो. पातळ पहिल्या हातात हा धुरकटपणा बाहेरूनही जाणवतो. वर वाळ्याच्या ताट्यांतून उडून येणारी धूळ आणि तुसं असतातच. कूलर तासभर आधी बंद करा, खिडक्या उघडा, घाम पुसत काम करा. घाम बॉडीत पडू देऊ नका.

पावसाळ्यात तीच ओल, कूलर नसतानाही. ऑगस्टमध्ये झड लागलेली असताना मी कॅनला हातच लावत नाही. रेस असेलच तर दोन दिवस उघडीप मिळाल्यावर दुपारी. दुधाळ झाक आलीच, तर हवा कोरडी होईपर्यंत थांबून त्याच रंगाचा हलका हात मारा. खालचा थर थोडा विरघळून कधी कधी झाक निघते. कधी कधीच.

डिसेंबरात उलटं. सकाळी दहा-बारा अंशांवर कॅनचा दाब पडतो आणि रंग थुंकल्यासारखा जाड थेंबांनी येतो. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा, दोन मिनिटं हलवा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचं पाणी. गीझरचं उकळतं नाही, आणि गॅसजवळ तर अजिबातच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊन चढल्यावर अकराच्या सुमारास, हा आपल्याकडचा खरा रंगवायचा हंगाम. मी वर्षाच्या बॉड्या तेव्हाच उरकतो.

कोणत्याही ऋतूत तोंडाला सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा कार्ट्रिज फिल्टरचा मास्क हवा. कापडी मास्कने फक्त धूळ थांबते.

टेप आणि ब्लेड

भिंत रंगवायची मास्किंग टेप जाड असते. तिच्या सुरकुत्यांखालून रंग शिरतो आणि सरळ पट्ट्याला दाते येतात. मॉडेलची पातळ पिवळी टेप महाग पडते, पण कडेपुरती तीच लावा. बाकी भाग वर्तमानपत्राने झाकला तरी चालतो. कड आइस्क्रीमच्या काडीने दाबून घ्या. वळणावर एक रुंद पट्टी ओढून बसवू नका, ती अर्ध्या तासात उचलते. अरुंद पट्ट्या एकावर एक चढवा. स्प्रे टेपच्या बाजूकडून मोकळ्या जागेकडे मारा. उलट मारलात तर रंग टेपच्या कडेखाली ढकलला जातो. पहिला हात इतका हलका, की आरपार दिसलं पाहिजे. मग पाच-दहा मिनिटं थांबून दुसरा, तिसरा. एकाच दणक्यात झाकायला गेलात तर ओघळ येतो, आणि जाड थर धडकेत तडकतो.

लिक्विड मास्क, म्हणजे वाळल्यावर सोलून काढायचा द्रव, वापरत असाल तर तीन-चार थर द्या. पातळ थर सोलताना तुकड्यातुकड्यांनी निघतो, आणि मग रात्री एक वाजता नखांनी खरवडत बसावं लागतं. तो कापताना ब्लेड नवं आणि हात अगदी हलका. ब्लेड प्लास्टिकमध्ये उतरलं तर जो चर पडतो, तो रंगाखाली दिसत नाही, पण पहिल्या जोरदार धडकेत बॉडी नेमकी त्या रेषेवर फाटते. माझी एक बॉडी बॉनेटच्या पट्ट्यावरून अशी सरळ फाटली, जणू कंपनीने तिथे घडीच घालून दिली होती. फाटलीच तर आतून फायबरची जाळीची टेप आणि लवचीक गोंद. साधा फेविक्विक कडक होतो आणि शेजारी नवा तडा पाडतो.

आता दुरुस्तीची एकमेव संधी. टेप काढल्यावर आणि पुढचा रंग मारण्याआधी बॉडी ट्यूबलाइटसमोर धरा. कडेखालून रंग शिरला असेल तर तो आत्ता काढता येतो. उदबत्तीची विझलेली काडी घ्या, मसाला खरवडून टाका, टोक ब्लेडने तिरकं कापा. त्या टोकाने शिरलेला रंग आतल्या दिशेने हळूहळू खरवडा. लाकूड मऊ असल्यामुळे प्लास्टिकला ओरखडा जात नाही. रंग ताजा असतानाच हे जमतं; दुसऱ्या दिवशी काड्या मोडतील, रंग हलणार नाही. आणि एकदा मागून पिवळा चढला, की तो दाता कायमचा.

रंगांचा क्रम

शेजारच्या पोराला गाडी पिवळी हवी, वर काळे पट्टे. नाव आधीच ठरलेलं, पिवळी मारबत, आपल्याकडे मिरवणुकीत काळी आणि पिवळी मारबत निघते त्यावरून. मी म्हटलं, आधी काळी, मग पिवळी. गडद रंग पहिले, फिके मागून. आधी पिवळा मारून मागून काळा दिला तर जिथे पिवळा पातळ आहे तिथे काळा डोकावतो आणि सगळं शेवाळी दिसतं. पिवळा, लाल आणि फ्लुरोसंट रंग अंगचेच पातळ, त्यांच्यामागे पांढरा हवाच. फ्लुरोसंट तर पांढऱ्याशिवाय उठतच नाही. पारदर्शक रंगांना मागून चंदेरी द्या. आतली बाजू नीटस दिसावी म्हणून शेवटी काळा मारायचा असेल तर तो पांढऱ्याच्या मागून, आणि पांढऱ्यात सुईच्या टोकाएवढंही भोक नाही हे उजेडात पाहून मगच.

त्या पोराची भुकटी झालेली बॉडी दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही परत घेतली. आतली सुटी पूड मऊ ब्रशने झाडली आणि जरा जवळून, जरा ओला हात मारला. सॉल्व्हंटने बरेचसे ठिपके जिरले. टपाच्या मागच्या कोपऱ्यात काही उरले, तिथे त्याने स्टिकर लावायचं ठरवलं.

शेवटच्या घाई

खिडक्यांचे मास्क रंग वाळल्यावर आतून काढा, बाहेरची फिल्म मात्र कापाकापी होईपर्यंत राहू द्या. चाकांच्या कमानी वाकड्या कात्रीने थोड्या थोड्या कापा. जास्त कापलेलं परत येत नाही, आणि कमी कापलं तर वळणावर टायर घासतो. काही बॉडींना फिल्म नसतेच. तिथे बाहेरून सगळं झाकल्याशिवाय कॅनचं झाकणही उघडू नका. फिल्म वर्षभर, उन्हाळ्यासकट, तशीच ठेवून दिली तर ती चिवट होऊन तुकड्यांनी निघते, म्हणून बॉडी रंगवून पेटीत विसरू नका.

स्टिकर कोरडे चिकटवले की बुडबुडे येतात आणि तिरके बसले तर हलवता येत नाहीत. साबणाच्या पाण्याचे दोन थेंब, स्टिकर सरकवून जागेवर, मग जुन्या एटीएम कार्डाला कापड गुंडाळून मधून कडेकडे पाणी ढकला. कापताना कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा आपल्या उन्हात पहिला उचलतो, आणि त्याखाली मैदानातली लाल माती जाऊन बसते.