माफ करायचंय पण जमत नाहीये? मग आधी हिशोब काढा

चर्चमध्ये क्षमेवर संदेश झाला की आपण सगळे मान डोलावतो आणि बाहेर आल्यावर ती व्यक्ती दिसली की चपला घालायला मुद्दाम वेळ लावतो, म्हणजे ती पुढे निघून जाईल. कारण क्षमा करा हे पाळकसाहेब सांगतात, ती करायची कशी हे फारसं कुणी सांगत नाही. मी घराघरातलं उदाहरण घेते, जमिनीचं. वडील गेले, "फक्त सही लागते गं ताई" म्हणून भावाने रजिस्ट्रार ऑफिसला नेऊन हक्कसोडपत्र करून घेतलं आणि आता सातबाऱ्यावर तो एकटाच.

पहिलं काम, वही घ्या. मोबाईल नको, त्यात लिहिता लिहिता कुणालातरी फॉरवर्ड होतं. आणि "भाऊ वाईट वागला" असलं मोघम लिहू नका, नेमकं काय गेलं ते लिहा. वीस गुंठे गेले. आईच्या आजारपणात रात्री मी जागले आणि त्या दिवशी ऑफिसात त्याने एकदाही माझ्याकडे वर बघितलं नाही. माझ्या पोरांना सुट्टीत जायला मामाचं घर उरलं नाही. हा तिसरा मुद्दा बहुतेक वेळा जमिनीपेक्षा जास्त दुखतो पण लिहायला बसल्याशिवाय तो कळतच नाही.

हे करायचं कारण बायबलमध्ये, मत्तय १८ मध्ये येशूने सांगितलेल्या गोष्टीत आहे. तिथला राजा आधी हिशोब घ्यायला बसतो, मगच कर्ज सोडतो. पहिल्या चाकराचं देणं दहा हजार टॅलेंट, एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, करा गुणाकार, सहा कोटी दिवसांची मजुरी होते. त्याच्यापुढे, त्याच चाकराला दुसऱ्या चाकराकडून यायचे शंभर दीनार काहीच नाहीत, पण शंभर दीनार म्हणजे सुद्धा तीन महिन्यांची कमाई आहे हो! येशूने तो आकडा शून्य नाही सांगितला. म्हणून "अगं एवढं काय, सोडून दे" म्हणणाऱ्या मावशांचं ऐकू नका, जे गेलं ते खरंच गेलंय.

मग ती वही घेऊन देवाशी भांडा. गोड शब्दांची प्रार्थना नको. बायबलमधलं स्तोत्र ५५ वाचा, तिथे लिहिणारा म्हणतो की वैऱ्याने केलं असतं तर सोसलं असतं, पण तू तर माझा जिवाभावाचा, आणि मग त्यांचं वाटोळं होवो इथपर्यंत जातो. तेवढं बोलून झालं की एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि म्हणायचं, प्रभू, याची वसुली मी आता करणार नाही.

वसुली म्हणजे काय तेही ठरवून टाका, इथेच सगळे अडकतात. प्रत्येक लग्नात ती गोष्ट पहिल्यापासून सांगणं ही वसुली. वहिनीला टोमणे ही वसुली. त्याच्या पोराला नोकरी लागली नाही ऐकून आतून बरं वाटणं, ती पण. आणि बायबलचं वचन स्टेटसला टाकून फक्त त्याने बघितलं की नाही ते चेक करत बसणं, ही तर आपल्या मंडळीची स्पेशालिटी आहे 😄

आता सगळ्यात महत्त्वाचं, माफ केलं म्हणजे हक्क सोडला असं नाही. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी दोघांना सारखाच वाटा आहे, त्यामुळे सही फसवून घेतली असेल तर वकील गाठा, मनात विष न ठेवताही केस लढता येते. मिशनरी ग्लॅडिस स्टेन्सचं बघा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला तिचा नवरा ग्रॅहम आणि दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना गाडीत जिवंत जाळलं. तिने मारणाऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं, नंतर काही वर्षं बारीपदाला कुष्ठरोग्यांचं काम चालूही ठेवलं, पण खटला चालला आणि शिक्षाही झाली. बायबलमधल्या योसेफाने सुद्धा त्याला विकणाऱ्या भावांना लगेच मिठी मारली नाही, आधी धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून ते बदललेत का ते तपासलं. आणि घरात मारहाण होत असेल तर आधी तिथून बाहेर पडा, क्षमेचं नंतर बघू, परत नांदायला जा म्हणून कुणी वचनं ऐकवत असेल तर त्याचं ऐकायचं नाही.

फीलिंग लगेच बदलत नाही, त्याची घाई नको. सिस्टर राणी मारिया या ख्रिस्ती नन, त्यांचा खून १९९५ ला झाला आणि त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉलने, जेलमध्ये जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली २००२ मध्ये. मध्ये सात वर्षं गेली. तुमचंही तेच दुखणं पुन्हा वर येईल, सातबारा दिसला की, आईची साडी दिसली की, तेव्हा आपली क्षमा खोटी होती असं समजू नका, त्याच ओळीवर परत एकदा वसुली बंद म्हणायचं. येशूने शिष्य पेत्राला सातांच्या सत्तर वेळा माफ कर सांगितलं ते काय उगाच नाही.

आणि एक, झालं की लगेच भावाला फोन करून "मी तुला माफ केलं" सांगायला जाऊ नका. त्याच्या हिशोबात त्याने काही केलेलंच नसतं, तो म्हणणार "मी काय केलं?" आणि वही परत पहिल्या पानापासून सुरू. त्याने स्वतःहून विषय काढला तरच बोला, तोपर्यंत नाताळचा फराळ पाठवायचा तर पाठवा, करंज्या मोजू नका म्हणजे झालं.