आधी भिंतीवरचं कॅलेंडर, मग डाएटचा कागद

मोबाईलवर आलेला डाएट चार्ट आधी बाजूला ठेवा आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना मी हेच सांगते. मी काही डॉक्टर नव्हे, बेळगावच्या शहापुरात शिलाई मशीनवर बसणारी बाई. पण माप घेताघेता कुणाचं काय चाललंय ते कळतंच. "अक्का, पंधरा दिवस नीट पाळलं बघा, मग एकादशी आली आणि सगळं फिसकटलं की ओ." फिसकटणारच. चार्ट लिहिणाऱ्याला तुमच्या घरची एकादशी कुठनं ठाऊक असणार?

आमच्या घरचंच घ्या. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार अंडं-मटण बंद, मंगळवार यल्लम्माचा. श्रावण पूर्ण पाळतो. चातुर्मासात सासूबाईंना कांदा, लसूण, वांगं चालत नाही. त्यांच्या एकादश्या, माझी संकष्टी. मालकांना शुगर. त्यात मला दूध पचत नाही, कपभर प्यायलं की पोट गुडगुडायला लागतं. अशा घरात "सकाळी दोन उकडलेली अंडी, रात्री दूध-ओट्स" हा कागद कोण पाळणार? एका घरात चार स्वयंपाक करायला आपल्याला काय दुसरं काम नाही?

म्हणून पेन घेऊन कॅलेंडरवर खुणा करा. उपवासाचे दिवस वेगळे, नुसते शाकाहाराचे वेगळे, राहिले ते मोकळे. आमच्याकडे श्रावण सोडला तर बुधवार, शुक्रवार आणि रविवार मोकळे. अंडी, मासे, चिकन त्या दिवसांना. बाकी दिवस कडधान्यावर. उपवासाला वेगळं ताट. आराखडा एवढाच, पुढचं सगळं प्रमाणाचं काम.

उपवासाचं सविस्तर सांगते, कारण बहुतेकींचं वजन तिथेच अडतं. उपवास म्हणजे कमी खाणं असं आपण धरून चालतो आणि ताटभर शाबूची खिचडी खातो. हिशेब करून बघा. ७५ ग्रॅम कोरडा शाबू, मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, अर्धा बटाटा. साडेपाचशे कॅलरीच्या आसपास जाते ती ताटली. दोन मध्यम भाकरी आणि वाटीभर उसळ खाल्ली तरी तेवढंच होतं. फरक असा की शाबू म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. जी काही मिळतात ती दाण्यातली. म्हणून अकराला खिचडी खाल्ली की दोनला परत भूक, मग केळी, मग बटाट्याचा चिवडा, मग "उपवासाचंच आहे" म्हणत राजगिऱ्याची चिक्की.

आपल्या बेळगाव तालुक्यात रताळी पिकतात आणि आपण शाबू विकत आणतो, हे मला कधी कळलं नाही. नवरात्राच्या सुमाराला मार्केटात लाल रताळ्यांचे ढीग लागलेले असतात. एक मध्यम रताळं, दीडशे ग्रॅमचं, सालासकट उकडा. दीडशेच्या आसपास कॅलरी. सोबत वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर, वर चमचाभर कूट. रताळ्याचा गोड कीस मात्र यात धरू नका, तूप-साखरेत परतलं की ते पक्वान्न झालं. दुसऱ्या वेळेला वरीचा भात एक वाटी आणि दाण्याची आमटी, नाहीतर राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात, शाबूशी त्याची बरोबरीच नाही.

संकष्टीची अडचण निराळी. चंद्र उगवेपर्यंत पोटात काही नाही आणि मग रात्री नऊ-साडेनऊला वरण-भात, मोदक, भजी. इतक्या भुकेल्या पोटी हात आवरत नाही, कुणाचाच नाही. संध्याकाळी सहाला मोठा पेलाभर ताक आणि मूठभर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा खा, मग चंद्राची वाट बघा. मोदक दोन, भजी नको. एकादशीला दुसऱ्या दिवशी सकाळी उपवास सोडताना तेच लक्षात ठेवा.

घरात शुगरचं माणूस असेल तर इथे थांबून वाचा. इन्सुलिन घेऊन किंवा शुगरच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पडू शकतं. उपवास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्या. आमचे मालक आता उपवास धरत नाहीत, नुसता नमस्कार करतात. देवाची काही तक्रार आलेली नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, यांनीही वजनाचं खूळ सध्या बाजूला ठेवायचं.

आता रोजची भाकरी. सासूबाई थापतात ती भाकरी ताटाएवढी. एक दिवस मी वजनकाट्यावर जोंधळ्याचं कोरडं पीठ मोजून बघितलं, एका भाकरीला ९० ग्रॅम. म्हणजे एक भाकरी ३०० कॅलरी. तसल्या तीन खाऊन वर भात घ्यायचा आणि "मी तर साधं जेवते" म्हणायचं! भाकरी बंद करू नका, भाकरी लहान करा. ६० ग्रॅम पिठाची वाटी ठरवून घ्या, तीच पिठाच्या डब्यात ठेवा. दुपारी दोन, रात्री एक. कडक भाकरी पातळ असते म्हणून मोजली जात नाही, तीही मोजा. भात खानापूरकडच्या माणसाला सोडायला सांगणं म्हणजे भांडण. म्हणून भात एका वेळेला, एक वाटी, आणि तो उसळ-भाजी झाल्यावर शेवटी वाढून घ्यायचा.

प्रथिनांचं गणित अवघड नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम. ६५ किलोच्या बाईला ५४ ग्रॅम. तीन भाकऱ्यांतून १८, मसूर किंवा मटकीच्या वाटीभर उसळीतून ९, पिठल्यातून ८, दोन वाट्या दह्यातून ९-१०, मूठभर शेंगांतून ५. अंडं न खाताही पन्नाशी गाठते. मोकळ्या दिवशी दोन अंडी खाल्ली की १२ ची भर. हुलगे, म्हणजे कुळीथ, विसरू नका, त्यात १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, गुळाऐवजी ताक-मीठ घालून करा, रात्रीचं जेवण तेवढ्यावर निभतं. कांदा-लसूण बंद असेल तेव्हा मुगाच्या उसळीला हिंग, जिरं, आलं आणि थोडं ओलं खोबरं. सासूबाईंचं आणि आपलं एकाच पातेल्यात होतं.

दूध न पचणाऱ्यांनी दही-ताक करून बघावं. विरजणातले जंतू दुधातली साखर थोडीफार आधीच खाऊन टाकतात, त्यामुळे बहुतेकांना ते सोसतं. कॅल्शियमसाठी नाचणीची आंबील आहेच.

तेल. याबद्दल माझं मत ठाम आहे: बेळगावात माणसं भातानं जाड होत नाहीत, तेल आणि शेंगांनी होतात. शेंगा चटणी बघा कशी खातो आपण. ताटात डोंगर करायचा, बोटानं मधे खळगा पाडायचा आणि त्यात तेलाची धार धरायची, ती चटणीच्या कडेनं खाली उतरेपर्यंत. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी. चटणी दोन चमचे घ्या, शेंगा चांगल्याच असतात, पण कालवायला दही घ्या. घरात चार माणसं असतील तर महिन्याला लिटरची तीन पाकिटं, त्यात फोडणी, तळण सगळं आलं. पाकिटावर तारीख लिहून ठेवा. तिसरं पाकीट वीस तारखेला संपलं तर चार्टला दोष देऊ नका.

पाहुणा गोकाकहून आला की करदंट, बेळगावातून जाताना खव्याचा कुंदा. करदंट डिंक-सुक्यामेव्याचं म्हणून पौष्टिक, हे खरं, पण गूळ साखरेइतकाच वजन वाढवतो. एक तुकडा घ्या, डबा शेजारी द्या.

जत्रेच्या दिवशी फार मोजत बसू नका. वडगावची मंगाई जत्रा असो की तुमच्या गावची, पै-पाहुणे आले की जेवायचं. मटणाचे तुकडे खा, वरची तर्री बाजूला सारा, भात एकदाच. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करायला जाऊ नका, नेहमीचं ताट घ्या. चालणंही हवंच. टिळकवाडीतल्या बायका व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जातात, मी जेवल्यावर गल्लीतच फेऱ्या मारते.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशी पोटी बघा. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी नको, पाण्यानं काटा फसवतो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. आणि कंबर मोजा, ते तर माझंच काम. टेप परकराच्या नाडीवर धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवा फिरवायचा, श्वास सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. माझ्यापुढे उभी राहिली की प्रत्येक बाई पोट आत ओढते, मी गप्पा मारत थांबते, ती बोलायला लागली की पोट आपोआप बाहेर येतं. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषांसाठी ९०, म्हणजे साडेपस्तीस. त्यावर गेलात तर शुगर-बीपीची तपासणी करून घ्या.

ब्लाउज सैल झाले म्हणून लगेच सगळे आणू नका. नेहमीचे दोन आणा, मी कडेनं टीप मारून देते. आतलं जादा कापड मी कापत नाही, तुम्हीही दुसऱ्या कुणाला कापू देऊ नका. दोन-तीन महिने माप तेवढंच राहिलं की मग लग्नसराईचे भारी ब्लाउज काढा, आणि तेही वैशाखाच्या आधी आणा, नंतर माझ्याकडे जागा नसते.